रियाज, सराव आणि तालीम

प्रश्न असा आहे : सतारीच्या वर्गात गुरुजी एका विद्यार्थ्याला म्हणाले, "तुझा रियाज आहे, पण सराव नाही." दोन्ही शब्द समानार्थी असताना असे वाक्य संभवते काय?

संभवते. 'रियाज' हा शब्द अरबीतून फारसी-उर्दूमार्गे आपल्याकडे आला, आणि त्याच्या मूळ धातूत शिंगराला वळण लावण्याचा अर्थ आहे. खर्ज (खालच्या सप्तकातले सूर) लावणे, पलटे (सुरांचे ठरावीक क्रम) घोटणे, सतारीवर 'दा रा' हे बोल घासत बसणे याला रियाज म्हणतात, कारण त्यात गळा किंवा हात तयार होतो. एखादी विशिष्ट चीज बसतेच असे नाही. 'सराव' शब्दाला मात्र षष्ठीची अपेक्षा असते. "मी रियाज करतो" हे वाक्य पुरे वाटते, तर "मी सराव करतो" म्हटल्यावर "कशाचा?" असा प्रश्न येतोच.

गुरुजींची तक्रार बहुधा इथेच असावी. विद्यार्थी गत (सतारीवरची बंदिश) पहिल्यापासून वाजवतो, एका तोड्यात (गतीतल्या बांधीव तानेत) मिंड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणे, कणसूर लागते, तो थांबतो आणि पुन्हा मुखड्यापासून, म्हणजे गतीच्या सुरुवातीपासून, वाजवू लागतो. यात आधीच येणारा भाग दहादा वाजतो आणि अडणारी जागा कच्चीच राहते. किंबहुना चूकच घोटली जाते. सराव म्हणजे तेवढ्या चार मात्रा बाजूला काढून निम्म्या लयीत बसवणे आणि मग मागची-पुढची एकेक मात्रा जोडत जाणे.

मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या संगीत अकादमीतील व्हायोलिनवादकांवर १९९३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यातला सरावाच्या तासांचा हिशेब पुढे प्रावीण्यासाठी लागणारे '१०,००० तास' म्हणून गाजला, आणि त्या तासांत नेमके काय करायचे हा महत्त्वाचा भाग मागे पडला. त्या वादकांनी एकट्याने केलेल्या सरावाला सर्वांत अधिक महत्त्व दिले होते. मात्र काय सुधारायचे ते शिक्षकाने नेमून द्यावे, ही कल्पना त्यामागे होती. या नेमून देण्याला आपल्याकडे 'तालीम' म्हणतात. 'इल्म'च्याच धातूपासून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ शिकवणे असा आहे, आणि "अमक्यांची तालीम मिळाली" या प्रयोगात तो टिकून आहे, जरी कोल्हापुरात तालीम म्हटले की आधी लाल माती आठवत असली तरी.

नाटकवाल्यांची 'रंगीत तालीम' याहून वेगळी, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांनी ती उसनी घ्यावी असे मला वाटते. मंचावर छाती धडधडू लागली की एरवी आपोआप फिरणाऱ्या बोटांकडे वादक लक्ष देऊ लागतो, आणि त्या लक्ष देण्यानेच बोटे अडखळतात. सरावात चुकले की थांबायचे असते. रंगीत तालमीत चुकले तरी न थांबता सम (तालाची पहिली मात्रा) गाठायची असते. या दोन परस्परविरोधी सवयी आहेत, म्हणून त्यांना वेगळा वेळ द्यावा लागतो. नुसत्या पहिलीने माणूस सभाधीट होत नाही.

'सराव'चा आणखी एक अर्थ इथे लक्षात घ्यावा. डोळे अंधाराला सरावतात, नवी सून सासरच्या माणसांना सरावते. तसा वादकालाही श्रोत्यांचा सराव असावा लागतो. गुरुजींचे वाक्य कार्यक्रमाच्या तोंडावर उच्चारलेले असेल, तर त्यांच्या मनात हाच अर्थ असण्याचा संभव अधिक आहे.