जुना ट्रान्झिस्टर पुन्हा बोलता करताना: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : चार मोठ्या सेलचा ट्रान्झिस्टर बरीच वर्षे माळ्यावर पडून होता. नवे सेल घातले तरी अगदी गप्प आहे, खरखरसुद्धा नाही. माझ्याकडे साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. सुरुवात कुठून करू? (सातारा)

खरखरही नाही म्हणजे एकतर वीज आत पोहोचत नाही, नाहीतर आवाज स्पीकरपर्यंत येत नाही. आतला ट्रान्झिस्टर (सिग्नल मोठा करणारा तीन पायांचा सुटा भाग) जळला असेल ही शंका सर्वांत शेवटी घ्या. अशा सेटमध्ये बिघडलेले असते ते बहुधा पत्रा, स्प्रिंग, स्विच किंवा सुटलेली तार.

आधी सेलचा कप्पा पाहा. स्प्रिंगवर पांढरी-हिरवी खपली असेल तर ती सेल गळल्याची खूण. साधे जस्ताचे सेल गळले असतील तर रस आम्लधर्मी असतो, तो खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा. अल्कलाइन सेल गळले असतील तर उलट, व्हिनेगर लावा. मग ओल्या फडक्याने, शेवटी स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या. बारीक पॉलिश पेपरने धातू चकचकीत दिसेपर्यंत घासा. स्प्रिंगला आतून डाग दिलेली (सोल्डर केलेली) तार हलकेच ओढून बघा. रस तारेच्या आवरणाखालून झिरपतो, त्यामुळे बाहेरून धडधाकट दिसणारी तार आत काळी पडून तुटलेली असते.

पुढची चाचणी फार उपयोगाची आहे. सेल घाला, रेडिओचा स्विच बंदच ठेवा. मीटर डीसी करंटवर, आधी 10 अँपिअरच्या रेंजवर ठेवून दोन्ही प्रोब व्हॉल्यूमच्या मागच्या स्विचच्या दोन टोकांना लावा. आता करंट मीटरमधून जातो. आकडा लहान असेल तर प्रोब मिलीअँपिअरच्या सॉकेटमध्ये घालून 200 ची रेंज घ्या. आवाज कमी ठेवलेला चांगला सेट साधारण 8 ते 20 मिलीअँपिअर घेतो. शून्य दिसले तर वाट कुठेतरी तुटलेली आहे. शंभराच्या वर गेले तर लगेच प्रोब काढा. आउटपुटचा, म्हणजे स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टर किंवा एखादा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर (वीज साठवणारा नळकांड्यासारखा भाग) शॉर्ट आहे. आणि प्रोब लावताच रेडिओ बोलू लागला, तर दोष फक्त स्विचचा.

करंट ठीक आहे पण आवाज नाही, असे झाले तर इअरफोनच्या जॅककडे वळा. पिन घातली की स्पीकर तोडणारी एक पातळ पत्री त्यात असते. ती काळवंडते, नाहीतर वाकून उघडीच राहते. नवख्यांनी ही जागा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. रेडिओतले सेल काढून 1.5 व्होल्टचा एक सेल स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. खट् आवाज आला तर स्पीकर जिवंत आहे. मग सेट चालू करून व्हॉल्यूम मोठा करा आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या मधल्या टोकाला स्क्रू ड्रायव्हरचे पाते लावा, बोट पात्याला टेकलेले असू द्या. गुणगुण किंवा खडखड ऐकू आली तर तिथून स्पीकरपर्यंतचा भाग शाबूत आहे.

प्रश्न : नवे सेल असताना रेडिओ छान वाजतो. काही दिवसांनी आवाज वाढवला की "पुट-पुट-पुट" सुरू होते. सेल दर वेळी बदलायचे का? (लातूर)

सेल नका बदलू, कंडेन्सर बदला. सेल जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. आवाजाच्या प्रत्येक ठोक्याला लागणारा जादा करंट अशा वेळी पुरवठ्याच्या दोन तारांमधला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर देतो. तो सुकला की व्होल्टेज डुगडुगते आणि शेवटच्या टप्प्याची हालचाल पहिल्या टप्प्यात परत शिरते.

खात्री करायला जुना न काढता त्याच्यावर समांतर 100 किंवा 220 मायक्रोफॅरड, 16 व्होल्टचा नवा कंडेन्सर धरा. पुटपुट थांबली की झाले. पण अधिक-उणे सांभाळा! जर्मेनियम धातूच्या पीएनपी जातीचे ट्रान्झिस्टर असलेल्या जुन्या सेटमध्ये अधिक टोक सामाईक असते, त्यामुळे आजच्या सर्किटची सवय इथे घात करते. जुन्याची दिशा काढण्याआधी कागदावर लिहून ठेवा. डाग द्यायला 25 वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरे. एका जागी तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, नाहीतर तांब्याची पट्टी बोर्डावरून सुटते. शेजारी जर्मेनियम ट्रान्झिस्टर असेल तर त्याचा पाय चिमट्याने धरा, उष्णता चिमटा पितो.

प्रश्न : खरखर भरपूर, केंद्र एकही नाही. (डोंबिवली)

एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि वाय-फायचा अडॅप्टर बंद करून पाहा. मध्यम लहरींचा गळा आज बहुतेक घरांत हेच दाबतात. आपल्या भागात मध्यम लहरींचे केंद्र लागते का, हेही दुसऱ्या रेडिओवर आधी बघा.

तरी काही नाही तर ऑसिलेटर, म्हणजे केंद्र निवडण्यासाठी रेडिओच्या आत स्वतःच्या लहरी तयार करणारा भाग, तपासा. चांगल्या रेडिओवर मुंबईचे 1044 किलोहर्ट्झ लावा, आजारी सेट त्याला खेटून ठेवा आणि त्याचा काटा 590 च्या आसपास सावकाश फिरवा. ऑसिलेटर काट्यावरच्या केंद्रापेक्षा 455 किलोहर्ट्झने वर चालतो, म्हणून 589 ला तो 1044 वर येतो आणि चांगल्या रेडिओत शीळ उमटते. काटा जरा पुढेमागे असू शकतो. शीळ आली तर ऑसिलेटर ठीक. मग फेराइट कांडीवरची (आतल्या अँटेनाच्या काळ्या कांडीवरची) गुंडाळी बघा. तिची केसासारखी तार टोकाशी तुटते. सेल काढून मीटर लावल्यास काही ओहम दिसायला हवेत. कांडी तुटली असेल तर तुकडे नीट जुळवून सुपरग्लूने चिकटवा, चालते.

प्रश्न : आतल्या चौकोनी डब्यांचे स्क्रू थोडे फिरवले, आवाज आणखी बारीक झाला. (नाशिक)

ते आयएफटी, म्हणजे निवडलेल्या केंद्राचा सिग्नल गाळून पुढे देणारे ट्रान्सफॉर्मर. फिरवायला नको होते, पण सावरता येईल. अशक्त ऐकू येणारे एक केंद्र लावा, व्हॉल्यूम कमी ठेवा. प्लास्टिकचे चपटे पाते घ्या, लोखंडी नको. त्याने कोअर (डब्यातला फिरणारा ठिसूळ स्क्रू) फुटतो आणि पाते जवळ असेपर्यंत जुळणीही खोटी दिसते. शेवटच्या डब्यापासून पहिल्याकडे या, प्रत्येक कोअर पाव फेऱ्याहून कमी हलवत आवाज सर्वांत मोठा होईल तिथे सोडा. असे दोनदा करा. कोअर घट्ट बसला असेल तर जोर लावू नका. केसांच्या ड्रायरने डबा कोमट केला की आतले मेण सुटते.