मंद धुरासाठी कोळसा कोणता?

प्रश्न : मांस आठ-दहा तास धुरावर शिजवताना आच मध्येच भडकते, मध्येच बसते. कोणत्या ब्रिकेट (कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या) घ्याव्यात?

उत्तर : कोळशाची भुकटी स्टार्चच्या खळीत कालवून, दाबून केलेल्या, एकसारख्या आकाराच्या ब्रिकेट घ्याव्यात, ओबडधोबड लाकडी कोळशापेक्षा त्या समान जळतात आणि ११० ते १२० अंश सेल्सिअसची आच टिकवणे सोपे जाते. काडी लावताच पेटणारे, ज्वालाग्राही द्रव मुरवलेले कोळसे या कामी नकोतच, कारण मागाहून पेटणाऱ्या प्रत्येक तुकड्याचा रॉकेलसारखा दर्प मांसात उतरू शकतो. ब्रिकेट हातात दाबून पाहावी. सहज भुगा झाला, तर ते पोते घेऊ नये. एक उणे आहे : राख अधिक पडते. ती शेगडीच्या खालच्या झरोक्यात साचली की हवा कोंडते आणि आच बसते. तुमच्या शेगडीत बहुधा हेच होत असावे.