भिंतीवरच्या तलवारी आणि चौकीतून आलेला फोन

प्रश्न: मला तलवारी जमवण्याचा नाद आहे. घरात सध्या सात वस्तू आहेत. पणजोबांच्या वेळची मराठा मुठीची एक तलवार, दुकानातून शोभेसाठी घेतलेल्या दोन, ऑनलाइन मागवलेल्या दोन (त्यांतली एक जपानी घाटाची), काठीत पातं लपवलेली एक गुप्ती आणि टेबलावर ठेवायची आठ इंची पितळी प्रतिकृती. खंडेनवमीला सगळ्यांची पूजा मांडली आणि फोटो समाजमाध्यमावर टाकला. सोसायटीतल्या कुणीतरी तक्रार केली असावी. चौकीतून फोन आला, ‘तलवारी घेऊन इकडे या.’ एकाही तलवारीला धार नाही, घराबाहेर कधी काढल्या नाहीत. भिंतीवर तलवार लावणं हा गुन्हा आहे का? पुरातन तलवारीला सूट असते असं ऐकलं, ते खरं का? आता काय करू?

उत्तर: सगळ्यात आधी, तलवारी घेऊन घराबाहेर पडू नका. चौकीतून बोलावलंय म्हणून चादरीत गुंडाळून दुचाकीवरून न्याल आणि वाटेत नाकाबंदी लागली, तर तुमच्या हातात असेल फक्त एका फोनची आठवण. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी सार्वजनिक जागी शस्त्रं, काठ्या, तलवारी, भाले बाळगायला मनाई करणारा आदेश काढतात. सणासुदीच्या, निवडणुकीच्या काळात असा आदेश बहुतेक ठिकाणी लागू असतोच. तो मोडला की कलम १३५ लागतं. तुमचा दिवाणखाना सार्वजनिक जागा नाही, पण इमारतीसमोरचा रस्ता नक्कीच आहे. आज तुमच्यापुढे घरात बाळगण्याचा एकच प्रश्न आहे. रस्त्यावर उतरलात की बाहेर बाळगण्याचा दुसरा जोडला जाईल.

त्याऐवजी आजच वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या नावे पत्र द्या. अमुक तारखेला, अमुक वाजता फोन आला. वस्तू घरीच आहेत. पाहणी आणि चौकशीसाठी मी हजर आहे. सोबत यादी आणि फोटो जोडले आहेत. एवढंच. दोन प्रती काढा आणि एकीवर आवक शिक्का, तारीख घ्या. पत्र देण्याआधी तुमच्या गावातल्या फौजदारी वकिलाला दाखवा, कारण त्यातलं प्रत्येक वाक्य पुढे कागदपत्रांत राहणार आहे. एक वाक्य मात्र कधीही लिहू किंवा बोलू नका: ‘स्वसंरक्षणासाठी ठेवल्या आहेत.’ शोभेच्या वस्तूला शस्त्र ठरवणारी कबुली तुम्ही स्वतःच देऊन बसाल. का, ते पुढे येईल.

आता मूळ प्रश्न. शस्त्र अधिनियम, १९५९ (पोलिसांच्या भाषेत हत्यार कायदा) बंदुका आणि बाकीची शस्त्रं यांना एकाच मापाने मोजत नाही. बंदुकीला कलम ३ प्रमाणे देशभर परवाना लागतो. तलवारीची वाट कलम ४ मधून जाते. केंद्र सरकार एखाद्या भागासाठी राजपत्रात अधिसूचना काढतं आणि तिच्यात वर्णन केलेल्या प्रकारची शस्त्रं त्या भागात विनापरवाना घेणं, बाळगणं किंवा सोबत नेणं हा गुन्हा होतो. शिक्षा कलम २५(१-ब)(ब) मध्ये आहे: किमान एक वर्ष, कमाल तीन वर्षं कैद आणि दंड. गुन्हा दखलपात्र आहे. आपल्याकडे तलवार सापडली की फिर्यादीत ‘४, २५’ हे आकडे दिसतात ते यामुळेच.

म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयाच्या किंवा पोलीस आयुक्तालयाच्या शस्त्र परवाना शाखेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मागणी नेमकी हवी: ‘या पोलीस ठाण्याच्या हद्दीला लागू असलेल्या, शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खालील अधिसूचनेची प्रत.’ ‘तलवारीबद्दलचे नियम द्या’ असं मोघम मागितलंत तर उत्तरही मोघम येईल. अधिसूचनेत कोणतं शस्त्र, पात्याची किती लांबी-रुंदी आणि बाळगण्यावर, विक्रीवर की सोबत नेण्यावर बंधन आहे, हे शब्दन् शब्द वाचा. खटला उभा राहिलाच तर ही अधिसूचना न्यायालयापुढे आणणं सरकार पक्षाचं काम आहे, आणि बचावाचा वकील पहिला प्रश्न तिच्याबद्दलच विचारतो. प्रत हाती येईपर्यंत ती आपल्याला लागू आहे असं धरूनच वागा.

दुसरी पायरी, तुमची वस्तू कायद्याच्या दृष्टीने शस्त्र आहे का. कलम २ मधल्या व्याख्येप्रमाणे हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी घडवलेली किंवा तशी बदलून घेतलेली कोणतीही वस्तू म्हणजे शस्त्र. ‘बचावासाठी’ हा शब्द त्या व्याख्येतच आहे, म्हणून स्वसंरक्षणाचं वाक्य घातक. निव्वळ घरगुती किंवा शेतीकामाच्या वस्तू वगळल्या आहेत. खेळण्याखेरीज दुसरा उपयोग नसलेल्या आणि वापरण्याजोग्या शस्त्रात बदलता न येणाऱ्या वस्तूही वगळल्या आहेत. ‘धार नाही’ हे उत्तर अपुरं पडतं ते इथे. पोलादी पातं आज बोथट असलं तरी ग्राइंडरवर अर्ध्या तासात धारदार होतं. प्रश्न आजच्या धारेचा कमी आणि ती वस्तू हत्यार होऊ शकते का, याचा जास्त आहे.

तुमच्या दुकानातल्या दोन तलवारी याच कसोटीवर बघा. पातं लोहचुंबकाला चिकटतं का? पात्याची शेपटी मुठीच्या आत किती खोल गेली आहे? खऱ्या तलवारीत ती मुठीत रुतलेली असते आणि जुन्या हिंदुस्थानी मुठींत लाख भरून पक्की केलेली असते. शोभेच्या मालात बरेचदा पात्याच्या टोकाला बारीक सळई वेल्डिंग करून नटाने आवळलेली असते. जोराचा फटका बसला की ती तिथेच मोडते. पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं पातं, वाकणारं टोक, सळईचा जोड या तिन्ही गोष्टी असतील तर ही शोभेची वस्तू आहे, हे म्हणणं टिकण्यासारखं आहे. पातं चांगल्या पोलादाचं, एकसंध आणि मुठीत खोल बसवलेलं असेल, तर बिलावर ‘डेकोरेटिव्ह’ छापलेलं असूनही ते शस्त्र समजूनच चाला. विक्रेत्याचं लेबल पोलिसांवर बंधनकारक नाही. तरी बिल, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट आणि पार्सलचं वेष्टन जपून ठेवा. चांगल्या हेतूने, उघड व्यवहारात घेतली, हे त्यातून दिसतं.

जपानी घाटाची तलवार कुठून आली ते आधी तपासा. विक्रेता देशातला असेल तर वरचंच लागू. परदेशातून थेट मागवली असेल, तर कलम १० प्रमाणे शस्त्र देशात आणायलाच परवाना लागतो आणि सीमाशुल्क विभागाचा प्रश्न वेगळा उभा राहतो. २०२२ साली राज्यात कुरिअरने आलेल्या तलवारींचे साठे पकडले गेले होते. अशा तपासात पोलीस पार्सलच्या नोंदींवरून मागवणाऱ्याच्या दारापर्यंत येतात. ‘सगळेच मागवतात’ हा बचाव नाही.

पितळी प्रतिकृतीची काळजी सोडा. शस्त्र नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीतल्या पाचव्या वर्गात तलवारी, खंजीर, भाले, परशू आणि नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची तत्सम हत्यारं येतात. आठ इंची, धार लावता न येणारी पितळी वस्तू त्यात ओढूनताणूनही बसत नाही. गुप्तीचं उलट आहे. त्या वर्गात तलवारींबरोबर गुप्तीचा उल्लेख नाव घेऊन आहे आणि तिची घडणच पातं लपवण्यासाठी असते. शोभेसाठी ठेवली, हे सांगून कुणाला पटवणं फार अवघड.

आता पणजोबांची तलवार. कलम ४५ मध्ये पुरातन किंवा कालबाह्य घडणीच्या शस्त्रांना सूट आहे, हे खरं. पण पूर्ण वाक्य असं आहे की, जे दुरुस्त करून किंवा न करता ‘बंदूक म्हणून’ वापरता येत नाही असं पुरातन शस्त्र. तलवार बंदूक म्हणून कधीच वापरता येत नाही, तेव्हा जुनी तलवार सुटली, असा युक्तिवाद शब्दशः करता येतो आणि तो मांडायलाही हवा. पण ती तरतूद मुळात ठासणीच्या जुन्या बंदुकांसाठी लिहिलेली दिसते, त्यामुळे सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. हा मुद्दा न्यायालयात मांडायचा असतो. दारात उभ्या असलेल्या हवालदारापुढे त्याचा उपयोग नाही.

तलवार शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ प्रमाणे पुरावशेष ठरते. ती परदेशात नेता येत नाही आणि पुरावशेषांच्या विक्रीचा धंदा करायला वेगळा परवाना लागतो. मात्र त्या कायद्याखाली पुरावशेष असणं म्हणजे हत्यार कायद्यातून सुटका नव्हे. वय आणि वारसा सिद्ध करणारे कागद आत्ताच जमवा: भिंतीवर तलवार दिसणारे जुने कौटुंबिक फोटो, वाटणीपत्रातला उल्लेख, घरातल्या वडीलधाऱ्यांचं प्रतिज्ञापत्र, संग्रहालयातल्या जाणकाराचं लेखी मत. पात्यावरचे शिक्के, अक्षरं, मुठीवरचं कोफ्तकाम (पोलादात बसवलेली सोन्या-चांदीची नक्षी) यांचे शेजारी मोजपट्टी ठेवून जवळून फोटो काढा.

एक कळकळीची विनंती. घाबरून त्या पात्याची उरलीसुरली धार घासून घालवू नका आणि गंज काढायला ते ग्राइंडरवर धरू नका. बोथट केल्याने ते शस्त्राच्या व्याख्येतून बाहेर पडत नाही, कारण पुन्हा धार लावता येते. पण शिक्के पुसले जातात, पोलादाची मूळ कांती जाते, आणि ही तलवार पिढीजात आहे हे सांगणारा सगळ्यात मोठा पुरावा तुम्हीच नष्ट करता.

पाहणीला पोलीस घरी आले तर सगळ्यात महत्त्वाचा कागद पंचनामा. गडबड होते ती त्यातच. घाईघाईत ‘सात लोखंडी धारदार तलवारी’ असं एका ओळीत लिहिलं जातं. वर्षांनंतर साक्षीच्या वेळी धार होती की नव्हती, पितळ होतं की पोलाद, कुणालाच आठवत नाही. उरते ती ओळ. म्हणून शांतपणे, नम्रपणे प्रत्येक वस्तूची वेगळी नोंद मागा: मुठीपासून टोकापर्यंत पात्याची लांबी, सर्वांत जास्त रुंदी, धातू, धार आहे की बोथट, मूठ कशी जोडली आहे, भिंतीवर कुठे आणि कशी अडकवलेली होती. प्रत्येकीला वेगळं लेबल आणि सील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण करायचं असतं. ते करण्याची विनंती करा आणि जप्तीच्या यादीची प्रत घ्या. न वाचता सही नको.

गुन्हा नोंदवला गेला तरी अशा प्रकरणात बहुधा याच संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस येते. दिलेल्या वेळी हजर राहिलात तर लेखी कारण नोंदवल्याशिवाय अटक करता येत नाही. नोटीस चुकवू नका. अटकेची भीती वाटत असेल तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा मार्ग आहे. जप्त झालेली पणजोबांची तलवार पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत वर्षानुवर्षं पडू देऊ नका; ती परत मिळण्यासाठी कलम ४९७ किंवा ५०३ खाली अर्ज करता येतो, आणि वर सांगितलेले कागद तिथेच कामाला येतात. फक्त ताबा परत मागताना परवान्याचा अर्ज केलेला असेल तर तुमची बाजू भक्कम होते.

तो अर्ज नमुना ए-१ मध्ये परवाना शाखेत करायचा. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४ खालच्या परवान्यासाठी कायदा ‘योग्य कारण’ मागतो. कारणाच्या रकान्यात ‘आवड’ एवढंच लिहिलेले अर्ज अडकतात. वारसा, जतन आणि घरात प्रदर्शन असं कारण लिहा आणि फोटो, मापं, प्रतिज्ञापत्र, वस्तू बंद काचेच्या कपाटात कुलूपबंद ठेवल्याचा फोटो जोडा. पोलिसांचा चौकशी अहवाल येतो, मग निर्णय होतो. नकार आला तर कारणांची प्रत मागून घ्या आणि मुदतीत त्याच कायद्याच्या कलम १८ खाली अपील करा. कपाट भिंतीत पक्कं बसवलेलं, किल्ली एकाच माणसाकडे आणि जागा दिवाणखान्याच्या आत असावी. जिना, लॉबी किंवा मुख्य दाराची बाहेरची बाजू नको, ती सामाईक जागा आहे. सोसायटीला तुमच्या घरातली वस्तू काढून घेण्याचा अधिकार नाही, तक्रार करण्याचा आहे. हातात तलवार धरलेले फोटो आणि तलवारीने केक कापण्याचे व्हिडिओ टाकणं कायमचं बंद. मिरवणुकीसाठी मित्राने तलवार मागितली तरी देऊ नका. त्याच्या हातून जप्त झाली तरी ती तुमच्या संग्रहातली ठरते.

गुप्तीचा निर्णय मात्र आजच घ्या. नदीत टाकणं किंवा मित्राकडे लपवणं म्हणजे पुरावा नाहीसा केल्याचा, भारतीय न्याय संहितेच्या कलम २३८ चा वेगळा आरोप ओढवून घेणं. शिवाय ती तुमच्या फोटोत आधीच दिसते आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे बेकायदा ठरलेलं शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचं असतं. ते कलम आधी कायदेशीर असलेल्या ताब्याबद्दल आहे, म्हणून गुप्तीला ते पूर्ण कवच देणार नाही. पण स्वतःहून दिलेली गुप्ती आणि झडतीत सापडलेली गुप्ती यांत न्यायालय फरक करतं. वर सांगितलेल्या पत्रातच वकिलाच्या सल्ल्याने तिचा उल्लेख करा, ती घरून ताब्यात घेण्याची लेखी विनंती करा, आणि पोचपावतीवर गुप्तीचं वर्णन, पात्याची लांबी, तारीख आणि ताब्यात घेणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा लिहून घेतल्याशिवाय ती हातातून सोडू नका.