सोमवारची मॅटिनी, मागचा कठडा आणि घड्याळ

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुमचा नाट्यविभाग १९१०च्या सुमाराच्या अमेरिकन व्हॉडव्हिलचं, म्हणजे गाणी-विनोद-कसरतींच्या मिश्र खेळाचं, नऊ आयटमचं बिल (एका खेळातल्या आयटमांचा क्रम) बसवतोय आणि निवड तुझ्याकडे आलीय, हे वाचून फार आनंद झाला. चाचणीची तुझी टिपणंही वाचली. ‘छान’, ‘ठीक’, ‘कंटाळवाणं’ एवढ्यावरच तू भागवलं आहेस. त्यातून तुझी आवड कळते, पण आयटम बिलात कुठे लावायचा, किती मिनिटं ठेवायचा, काय कापायचं, हे कळत नाही. व्हॉडव्हिलच्या नाट्यगृहांची साखळी चालवणाऱ्या बी. एफ. किथच्या मॅनेजरांना नेमकं तेच कळवावं लागे.

बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, फिलाडेल्फिया, क्लीव्हलंड इथल्या किथच्या थिएटरांत दर सोमवारी नवं बिल लागे. दुपारचा पहिला खेळ (मॅटिनी) मॅनेजर स्वतः पाही आणि अहवाल कलाकारांना कामं देणाऱ्या न्यूयॉर्कच्या बुकिंग ऑफिसला पाठवी. पुढच्या गावात काम मिळणार का, पगार किती, हे बरंचसं त्यावर ठरे. १९०२पासूनच्या अशा अहवालवह्या आयोवा विद्यापीठात जपलेल्या आहेत. थोड्या तरी वाच. एका नोंदीत किती कमी शब्द लागतात ते दिसेल: नाव, प्रकार, मिनिटं, रंगमंच किती लागला, प्रेक्षकांनी कसं घेतलं, काय कापायला सांगितलं. तुझ्या वहीत हेच सहा रकाने आख.

यातला रंगमंचाचा रकाना नवख्या माणसाकडून हमखास सुटतो, आणि सगळं बिल त्यावर उभं असतं. फूटलाइटपासून (रंगमंचाच्या पुढच्या कडेचे दिवे) पहिल्या रंगवलेल्या पडद्यापर्यंतची ५-६ फुटांची पट्टी म्हणजे ‘इन वन’. त्यामागे ‘टू’, ‘थ्री’, आणि मग पूर्ण रंगमंच. एकटा बोलणारा विनोदवीर, गाणारी जोडी यांचं काम इन वनमध्ये भागतं. नाटुकलं, कसरतपटू, जनावरं यांना पूर्ण रंगमंच हवा. पूर्ण रंगमंचाचे दोन आयटम लागोपाठ लावलेस तर मधल्या बदलाला प्रेक्षक अंधारात ताटकळत बसतील. म्हणून मध्ये इन वनचा आयटम हवा. पडद्यापुढे तो बोलत असतो, तेव्हा मागे दिवाणखाना उभा राहत असतो. म्हणजे त्याला किमान तेवढी मिनिटं टिकता आलं पाहिजे, आणि मागे काही आपटलं तरी वाक्य हातून जाता कामा नये. तुझ्या यादीतली ती बहिणी-बहिणींची जोडी मागे सुरू होऊन शेवट पुढच्या पट्टीत करते. अशी सोय देणारा आयटम थोडा कच्चा असला तरी मी तो आनंदाने घेईन.

आता क्रम. पहिल्या जागेवर बिनबोलीचा आयटम: कसरत, सायकल, जनावरं. लोक अजून खुर्च्या शोधत असतात. संवाद वाया जातील, कोलांटी वाया जात नाही. दुसऱ्यावर इन वनमधली गाणारी जोडी, सभागृह स्थिरावण्यापुरती. तिसऱ्यावर नाटुकलं, म्हणजे लोक लक्ष देऊन बसतात. चौथा पहिला खरा हशा पिकवणारा. पाचवा मोठं नाव, त्यावर मध्यंतर. सहाव्याची जागा मला सगळ्यात अवघड वाटते: बाहेरून गप्पा मारत परतलेल्यांना पुन्हा धरायचं, पण पुढच्यांपेक्षा भारी व्हायचं नाही. सातवा पूर्ण रंगमंचाचा, नाटुकलं किंवा मोठा संगीताचा आयटम. आठवा, शेवटून दुसरा, बिलाचा राजा. बहुधा इन वनमधला विनोदवीर. नववा पुन्हा डोळ्यांना दिसणारा, कारण लोक टोप्या-कोट उचलायला लागलेले असतात. म्हणून ‘पडला’ लिहिण्याआधी तो कुठल्या जागेवर पडला ते लिही. दुसऱ्या जागेवर पडलेली एकपात्री कदाचित चौथ्यावर उभी राहिली असती.

बघताना पहिल्या रांगेत बसू नकोस. सभागृहाच्या मागच्या कठड्याशी उभं राहा. तिथून रंगमंचही दिसतो आणि प्रेक्षकांच्या पाठीही. हातात सेकंदकाट्याचं घड्याळ. एकपात्रीसाठी कागदावर मिनिटांच्या आडव्या रेघा ओढ आणि प्रत्येक हशाला खूण कर: हलक्याला टिंब, पूर्ण सभागृहाच्या हशाला काट, टाळीला गोल. समज, आयटम १४ मिनिटांचा आहे. पहिली दोन मिनिटं नुसती टिंबं, चौथ्यापासून काट, नवव्या-दहाव्या मिनिटाला कोरा कागद, शेवटी दोन काट आणि गोल. अशा वेळी ‘मधे पडतो’ एवढंच लिहून थांबू नकोस. त्या कोऱ्या जागेत नेमकं कोणतं वाक्य चाललं होतं ते टिपून घे. तीन मिनिटं काढली तर ११ मिनिटांचा घट्ट आयटम हाती येईल. खुर्च्या करकरणं, खोकला, कार्यक्रमपत्रिकेची सळसळ यांचीही नोंद कर. कंटाळा आधी आवाजातून कळतो. हशा खालून आला की बाल्कनीतून, तेही लिही. दोन्हीकडून आला तर तो आयटम कुठल्याही गावात चालेल.

कसरतीत हशा मोजून उपयोग नाही. दोन करामतींमधला रिकामा वेळ मोज. घाम पुसणं, रुमाल टाकणं, हात पसरून वाट पाहणं, यातच चांगले आयटम मरतात. साधन उभारायला आणि उतरवायला किती मिनिटं, तेही टीप.

टाळीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. शेवटाला झेंडा फडकवून देशभक्तीचं गाणं लावलं की टाळी पडतेच. ती झेंड्याला असते. काही कलाकार संगीत थांबू न देता पुन्हा पुन्हा पुढे येऊन वाकत आणि टाळी ओढून काढत. गाण्यांचे प्रकाशक बाल्कनीत पोरगा बसवून त्याच्याकडून धृपद म्हणवून घेत. झेंड्याआधीच्या मिनिटाला काय होतं, तो खरा हिशेब.

सोमवारची सूटही द्यावी लागते. सकाळी वाद्यवृंदासोबत एकच तालीम, तीही जो आधी येईल त्याची आधी. रेल्वेने ट्रंक उशिरा आली तर कपडे उसने. दुपारचा प्रेक्षक थोडा आणि थंड. म्हणून ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला रात्री पुन्हा बघ, आणि दोष वादकांचा की आयटमचा ते वेगळं लिही.

कापायचं ते स्पष्ट शब्दांत कळव. किथ आणि त्याचा उजवा हात एडवर्ड अल्बी यांना बायका-मुलांना निर्धास्त आणता येईल असं सभागृह हवं होतं. ‘स्लॉब’, ‘सन ऑफ अ गन’ हे शब्दसुद्धा वापरायचे नाहीत, अशी सूचना विंगेत लावलेली असे. तुमचे नियम काय आहेत ते आधी कागदावर आण आणि पहिल्याच दिवशी सगळ्यांना दे. प्रयोगानंतर नियम सांगणं अन्याय आहे.

अजून एक रकाना वाढव: गर्दी खेचण्याची ताकद. दर्जा वेगळा, खेच वेगळी. १८९६मध्ये नाट्यगृहमालक ऑस्कर हॅमरस्टाइनने आयोवाच्या चेरी सिस्टर्सना न्यूयॉर्कला आणलं, ते त्यांचं काम वाईट म्हणून गाजलं होतं त्यासाठीच; लोक तिकीट काढून ओरडायला आले. याच बहिणींनी एका जहाल परीक्षणावर अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १९०१मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयात त्या हरल्या. जाहीर प्रयोगावर द्वेषाविना कठोर लिहिण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. ते परीक्षण त्या बहिणींच्या शरीरावर, चेहऱ्यांवर घसरलं होतं. हक्क असला तरी तू तसं लिहू नकोस. अहवाल कामाचा असतो.

जुने अहवाल वाचताना आणखी एक गोष्ट खटकेल, खटकायलाच हवी. तोंडाला काळा रंग फासून केलेल्या कृष्णवर्णीयांच्या नकला, आयरिश, ज्यू, जर्मन माणसांची टिंगल यांना मॅनेजर बिनदिक्कत ‘उत्तम’ म्हणतात. १९०७मध्ये रसेल बंधूंच्या आयरिश मोलकरणींच्या सोंगावर आयरिश प्रेक्षकांनीच सभागृहात हल्लकल्लोळ केला होता. हसणाऱ्यांबरोबर न हसणारेही तिथे बसलेले होते. तुमच्या बिलात असले आयटम मुळीच घेऊ नका. त्या काळाची लय दाखवायला जगलिंग, वाद्यवादन, जोडीची जुगलबंदी पुरेशी आहे.

नवव्या जागेसाठी सिनेमाचा विचार कर. २९ जून १८९६ला किथच्या न्यूयॉर्कमधल्या युनियन स्क्वेअर थिएटरात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं लागली, आणि आठच दिवसांनी, ७ जुलैला, ती मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. बिलात ती एक आयटम म्हणूनच आली. पाच-सात मिनिटांची मूक फीत शेवटी ठेवलीस तर पडदा इन वनमध्येच लागेल आणि मागे आवराआवर सुरू करता येईल.

पुढच्या चाचणीनंतर मला फक्त रेघांचे कागद आणि आयटमनिहाय मिनिटं पाठव. मध्यंतर धरून एकूण अडीच तासांच्या वर जात असेल, तर सहाव्यापासून कापायला घे.

तुझा,
काका