मंजुरीचा नकाशा आणि बांधायचा नकाशा

प्रश्न : चोपडा शहरालगत माझा 30 × 50 फुटांचा बिनशेती भूखंड आहे, रस्ता पश्चिमेला आहे. निवृत्तीच्या रकमेतून खाली मुलीचा दवाखाना आणि वर राहते घर बांधायचे आहे. नकाशा मंजूर झाला असून ठेकेदार चौरस फुटाच्या दराने काम घ्यायला तयार आहे. जावयांच्या आग्रहावरून जळगावच्या एका वास्तुविशारद संस्थेकडे गेलो, तर त्यांनी आधी माती परीक्षण करा आणि रेखाटनांसाठी तीन महिने द्या, असे सांगितले. आम्ही पाडव्याचा मुहूर्त धरला आहे. हा खर्च आणि विलंब खरोखर आवश्यक आहे का?
— एक निवृत्त शिक्षक

उत्तर : आपल्या हाती असलेला नकाशा मंजुरीसाठी काढलेला आहे. सामासिक अंतरे, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा, सुटली आहेत का, चटई क्षेत्र, म्हणजे एकूण बांधीव क्षेत्रफळ, मर्यादेत आहे का, उंची आणि वाहनतळ नियमांत बसतात का, एवढेच तो अधिकाऱ्यांना दाखवतो. पाया किती खोल न्यायचा, कोणत्या तुळईत किती सळई घालायची, दवाखान्यातील हात धुण्याच्या भांड्याचे सांडपाणी कोणत्या भिंतीतून खाली उतरवायचे, हे त्यात नसते आणि नसणारच. ते सांगणारी कार्यरेखाटने वेगळी असतात. ती नसली की हे सारे निर्णय साइटवर गवंडी घेतो. गवंडी कितीही हुशार असला तरी वरच्या मजल्याचे न्हाणीघर कुठे येणार, हे त्याला पाया भरताना ठाऊक नसते.

माती परीक्षणाविषयी मी जरा आग्रहाने लिहितो, कारण आपल्या तापीकाठच्या पट्ट्यात जी काळी जमीन केळी आणि कापूस पिकवते, तीच घराच्या पायाला त्रास देते. ही माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. वैशाखात शेतात पडलेल्या भेगा आपण पाहिल्याच असतील. पाडव्याला कोरड्या मातीत भरलेला उथळ पाया मृगात भिजतो, खालची जमीन सगळीकडे सारखी फुगत नाही, आणि दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, जी लांबी (पुट्टी) भरून आणि रंग देऊन दरवर्षी झाकावी लागते. काळ्या मातीचा थर किती खोल आहे, तिची फुगवण किती आहे आणि खाली मुरूम कुठे लागतो, हे परीक्षणातून कळते. मुरूम जवळ असेल तर पाया तिथपर्यंत नेऊन काम भागते. थर खोल असेल, तर तळाशी फुगीर कंद असलेल्या काँक्रीटच्या खुंट्या, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल्स, घेतात; अशा खोल काळ्या मातीत त्यांची लांबी साधारणपणे 3.5 मीटरपेक्षा कमी ठेवत नाहीत, कारण ऋतुमानाने होणारा ओलाव्याचा फरक त्या खोलीखाली फारसा जाणवत नाही. जोत्यात खोदून निघालेली काळी माती परत भरू नये, मुरूमच भरावा, आणि घराभोवती उताराची फरशी करून छताचे पाणी पायापासून दूर न्यावे. ठेकेदाराच्या चौरस फुटाच्या दरात यातले काय धरले आहे, ते एकदा विचारून पाहा.

दुसरी गोष्ट उन्हाची. आपल्या भूखंडाचे तोंड पश्चिमेला आहे, आणि चोपडा साधारण 21 अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या अखेरीस दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तर तिसऱ्या प्रहरी तो थेट आपल्या दर्शनी भिंतीवर उतरतो. दक्षिणेच्या खिडकीवर छज्जा पुरतो. पश्चिमेच्या तिरप्या उन्हाला तो अडवत नाही, तिथे उभे आडोसे, जाळी किंवा झाडच लागते. म्हणून वरच्या मजल्यावर जिना, न्हाणीघर आणि अडगळीची खोली पश्चिमेला घेऊन निजायच्या खोल्या पूर्वेला न्याव्यात, आणि खाली दवाखान्यापुढे खोल ओसरी ठेवावी, असे मला वाटते. जुन्या धाब्याच्या घरांत मातीचा जाड थर दुपारचे ऊन आत येऊ देत नसे. चार-पाच इंचांचा उघडा स्लॅब मात्र दिवसभर तापून रात्री खाली उष्णता सोडतो, म्हणूनच आपण सारे उन्हाळ्यात गच्चीवर अंथरुणे टाकतो. विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढऱ्या चिनी तुकड्यांचे आवरण हा त्यावरचा फारसा महाग नसलेला उपाय आहे.

या सूचनांमुळे मंजूर नकाशात फरक पडला, तर सुधारित मंजुरी घ्यावी लागेल. दवाखान्याचा वापर मंजुरीत नमूद आहे ना, हेही आत्ताच पाहून घ्यावे. भोगवटा प्रमाणपत्राच्या, म्हणजे इमारत वापरण्याच्या परवानगीच्या, वेळी अशी त्रुटी निघाली तर फार मनस्ताप होतो.

संस्थेशी बोलताना तिच्या वास्तुविशारदाची 1972च्या वास्तुविशारद कायद्याखालील नोंदणी विचारावी. त्यात संकोच वाटू देऊ नये. आर.सी.सी. सल्लागाराचे, म्हणजे पाया, खांब आणि स्लॅब यांचे गणित करणाऱ्या अभियंत्याचे, शुल्क त्यांच्या शुल्कात आहे की वेगळे, साइटवर कोण आणि कोणकोणत्या टप्प्यांवर येणार, आणि शुल्काचे हप्ते कशानंतर द्यायचे, हे करारात लिहून घ्यावे. पायाची सळई बांधून झाल्यावर आणि प्रत्येक स्लॅब ओतण्यापूर्वीची तपासणी तरी त्यात असलीच पाहिजे. मुहूर्त मोडायचा नसेल, तर पाडव्याला भूमिपूजन करून त्याच आठवड्यात माती परीक्षणाचा खड्डा घ्यावा. खोदाई रेखाटने हाती आल्यावर करावी. तोवर पाऊस तोंडावर आला, तर पायाचे काम दिवाळीनंतर घ्यावे.

प्रश्न : शहादा तालुक्यातील आमच्या शिक्षण संस्थेच्या नव्या इमारतीचा आराखडा चौथ्यांदा बदलला आहे. वास्तुविशारद आता जादा शुल्क मागतात. हे योग्य आहे का?
— संस्थेचे एक विश्वस्त

उत्तर : बदल कोणी सांगितले, यावर ते अवलंबून आहे. आपल्याच विश्वस्तांनी आधी मान्य केलेला आराखडा नंतर फिरवला असेल, तर वास्तुविशारदांचे श्रम दुप्पट झाले आहेत आणि मागणी रास्त आहे. सभेत वर्गखोल्यांची संख्या, प्रत्येक वर्गातील विद्यार्थी, प्रयोगशाळा, मुलींची स्वच्छतागृहे आणि पुढील वाढीची जागा यांची यादी ठराव करून मंजूर करावी आणि वास्तुविशारदांशी बोलण्याचा अधिकार एकाच विश्वस्ताला द्यावा. सध्या त्यांना किती जणांचे फोन जातात, ते मोजून पाहावे.