मुलांच्या खेळांसाठी घरच्या गाडीत सामानाची व्यवस्था कशी करावी?

आपण विचारले आहे की दोन मुले, एकाचा फुटबॉल आणि दुसरीचे पोहणे, आठवड्यातून पाच दिवस ने-आण आणि गाडी लहान, अशा स्थितीत गाडी दोन दिवसही नीट राहत नाही, आत कुबट वास येतो आणि ऐन वेळी एखादी वस्तू घरीच राहिलेली असते. तेव्हा सामान लावावे कसे, आणि छतावर बसवायची पेटी घ्यावी का? गेली सहा वर्षे मी अशीच ने-आण करतो आहे, म्हणून अनुभवातून जे पटले ते सविस्तर लिहितो.

आपल्यापैकी बहुतेक जण गाडी लावतो ती निघतानाच्या सोयीने, आणि सगळी गफलत तिथेच होते. निघताना सामान कोरडे, घडी घातलेले आणि एका जागी असते, त्यामुळे ते कसेही ठेवले तरी चालून जाते. परतताना मात्र बुटांच्या तळव्यांत चिखल अडकलेला असतो, टॉवेल पाणी पिऊन जड झालेला असतो, मुले दमलेली आणि भुकेलेली असतात, आणि कोणतीही वस्तू पिशवीतल्या मूळ जागी ठेवण्याचे त्राण कोणातही उरलेले नसते. म्हणून डिकीची मांडणी परतीच्या प्रवासाचा विचार करूनच ठरवावी, असे माझे ठाम मत आहे.

आमच्या डिकीचे दोन भाग आहेत. डावा भाग कोरड्या सामानाचा, आणि उजव्या भागात उंच काठांचा, कडक प्लास्टिकचा एक टब, जो ओल्या आणि मळक्या सामानासाठी राखून ठेवलेला आहे. मैदानाबाहेर आल्यावर बूट गाडीत बसण्यापूर्वीच काढायचे, टबात टाकायचे आणि चपला घालायच्या, एवढा एकच नियम मुलांना पाळावा लागतो, आणि एकच असल्यामुळे तो पाळलाही जातो. घरी पोहोचल्यावर टबातल्या वस्तू एकेक करून काढायच्या नाहीत. टबच उचलून घरात न्यायचा आणि रिकामा झाल्यावर तो डिकीत परत ठेवायचा. पूर्वी आम्ही ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड बांधत होतो. अशी एक पिशवी सीटखाली सरकली आणि चार दिवसांनी सापडली, तेव्हा टॉवेलवर बुरशीचे काळे ठिपके उमटले होते आणि ते कितीही धुतले तरी गेले नाहीत. घामाला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. ओल आणि ऊब मिळाली की त्यावर जिवाणू वाढतात आणि वास त्यांच्यामुळे येतो. त्यामुळे गाडीत सुगंधी फवारे मारण्यापेक्षा ओल त्याच दिवशी गाडीबाहेर काढणे हाच खरा उपाय आहे. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले तर रात्रभरात बरीचशी ओल शोषली जाते, आणि चिखल ओला असताना पुसत बसण्यापेक्षा वाळल्यावर झटकणे कितीतरी सोपे पडते.

वस्तू घरी राहण्याचे कारण बहुधा असे असते की पिशवी मुलागणिक असते. ती खेळागणिक असावी, आणि खेळ बदलला तरी तिच्यातली एकही वस्तू दुसऱ्या पिशवीत जाऊ नये. मोजे किंवा केस पुसायचा लहान टॉवेल यांसारख्या वस्तू दोन-दोन घेतलेल्या बऱ्या. आमच्या पोहण्याच्या पिशवीच्या चेनला एक पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आहे आणि त्यावर वस्तूंची नावे डोक्यापासून पायापर्यंत याच क्रमाने लिहिली आहेत: टोपी, पाण्यातला चष्मा, पोशाख, टॉवेल, चपला. धाकटी आदल्या संध्याकाळी डोक्याला, डोळ्यांना, पोटाला, खांद्याला आणि पायांना हात लावत स्वतःच पिशवी तपासते. आता तिला तो पुठ्ठा वाचावाही लागत नाही.

सुरक्षिततेकडे मात्र आपण विशेष लक्ष द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. एकदा उतारावर मागच्या सीटवरची स्टीलची बाटली खाली पडली आणि गडगडत पुढे येऊन ब्रेकच्या पेडलखाली अडकली. वेग कमी होता म्हणून निभावले. त्या दिवसापासून आमच्या गाडीत बाटल्या दाराच्या कप्प्यात किंवा सीटच्या पाठीला अडकवलेल्या खोल खिशात असतात, आणि मोकळी वस्तू एकही नसते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी थांबली, तर आतल्या मोकळ्या वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहतात, आणि तो वेग साधारण १० मीटर उंचीवरून, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या मजल्यावरून, पडणाऱ्या वस्तूच्या वेगाइतका असतो. भरलेली बाटली, बॅट किंवा स्केटिंगचे बूट त्या वेगाने मुलाच्या डोक्यावर आदळू शकतात. म्हणून जड सामान डिकीच्या तळाशी, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून ठेवावे, पाठीच्या वर रास रचू नये, आणि मागच्या काचेखालच्या फळीवर काहीही ठेवू नये. डिकी सीटच्या मागे उघडीच असेल, तर डिकीतल्या कड्यांना अडकवायची जाळी अवश्य घ्यावी. पिशवी मुलाच्या मांडीवर देऊ नये, आणि खेळाचे जाड जाकीट अंगात ठेवून पट्टा लावू नये, कारण धक्का बसला की जाकिटाची जाडी दबते आणि पट्टा सैल पडतो. बूस्टर सीट, म्हणजे मुलाला उंच बसवणारी जादा बैठक, हीही सामानाला जागा हवी म्हणून काढू नये. मुलाची उंची साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर होईपर्यंत गाडीचा पट्टा खांद्यावरून आणि मांड्यांच्या वरच्या भागावरून नीट बसत नाही.

काही वस्तू गाडीत कायमच्या ठेवण्याचा मोह होतो, पण उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीचा विचार करूनच त्या निवडाव्यात. पहिल्या दहा मिनिटांतच आतले तापमान साधारण १० अंशांनी वाढते, आणि काच थोडी उघडी ठेवली तरी विशेष फरक पडत नाही. थोरल्याचा गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवलेला माऊथगार्ड अशाच एका दुपारी वेडावाकडा झाला. फवाऱ्याचे डबे, पॉवर बँक, दम्याचा इनहेलर आणि औषधे येता-जाता सोबतच न्यावीत. मलमपट्ट्या, कापूस, कात्री, चिकटपट्टी, जुनी चादर आणि चपलांचा जादा जोड गाडीत राहिला तरी हरकत नाही.

छतावरच्या पेटीबद्दल विचाराल, तर फुटबॉल आणि पोहणे यांसाठी तिची गरज नाही. रोज दोनदा वर हात करून ओले सामान चढवणे-उतरवणे फार दिवस कोणाच्याही हातून होत नाही, आणि वाऱ्याचा अडथळा वाढल्यामुळे इंधनही जास्त जाते. पुढे सायकल किंवा लांब काठ्यांचा एखादा खेळ सुरू झाला आणि पेटी किंवा रॅक घ्यावाच लागला, तर छतावर किती किलो भार चालतो हे गाडीच्या पुस्तिकेत आधी पाहावे. त्या आकड्यात पेटीचे स्वतःचे वजनही धरलेले असते.