जुनी करिझ्मा बाईक रेस ट्रॅकवर नेतोयस तर

अरे भिया, सगळ्यात आधी तो लोखंडी लेगगार्ड काढ, रस्त्यावर ठीक आहे पण ट्रॅकवर घसरताना तो कडेला अडकला की गाडी पलटते, वरून फ्रेमपण वाकते. त्याऐवजी नायलॉनचे आखूड फ्रेम स्लायडर (गाडी पडली की फ्रेमऐवजी घासणारे ठोकळे) लाव, लांब अजिबात नको, बोल्ट वाकतो. क्लच-ब्रेकचे क्लॅम्प थोडेसे सैल ठेव, पडल्यावर लिव्हर फिरेल, तुटणार नाही. इंजिन ऑइलच्या ड्रेन प्लगला लॉकवायर (सैल होऊ नये म्हणून बांधायची तार) मार, ऑइल सांडलं तर मागचे सगळे पडतील. आरसे, इंडिकेटर इंदूरलाच काढून ठेव, हेडलाइटला टेप. आणि ओरिजिनल फेअरिंग (गाडीचं बाहेरचं प्लास्टिक आवरण) घरीच राहू दे रे, इतकी जुनी प्लास्टिकं आता शोधूनही सापडत नाहीत, कोइम्बतूरला कारी रेस ट्रॅकवर फायबरचीच चढव. इंजिन कव्हर एक्स्ट्रा मिळालं तर घेऊनच टाक.